एकच सम, दोन कॅमेरे : मैफलीच्या फोटोंचं सामूहिक ऑनलाइन प्रदर्शन

दहा-बारा छायाचित्रकारांनी आपापले आवडते फोटो एका वेबसाइटवर चढवले, वर महोत्सवाचं नाव टाकलं, की त्याला सामूहिक प्रदर्शन म्हणायची पद्धत पडली आहे. बघणारा पाच फोटो बघतो आणि निघून जातो, कारण सहाव्या फोटोतही डोळे मिटलेला गायक आणि वर गेलेला हातच असतो. असा ढीग लावण्यासाठी एकत्र येण्याची गरजच नव्हती. एकत्र येण्याचा फायदा दुसरीकडे आहे. छायाचित्रकार एका वेळी स्टेजच्या एकाच बाजूला असू शकतो, मैफल मात्र दोन्ही बाजूंना चाललेली असते.

समेचंच, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेचंच उदाहरण घ्या. मोठ्या ख्यालात समेवर येताना गायक बऱ्याचदा तबलावादकाकडे बघतो. तबल्याच्या बाजूला बसलेल्या कॅमेऱ्याला गायकाचा चेहरा मिळतो आणि तबलावादक पाठमोरा. पेटीच्या बाजूच्या कॅमेऱ्याला तबलावादकाचं हसू मिळतं आणि गायकाचा कान. दोन्ही चेहरे एकाच फोटोत नीट मिळणं जवळजवळ अशक्य. पण दोन छायाचित्रकारांनी टिपलेली तीच सम शेजारी-शेजारी लावली, तर दोघांमधली ती नजर पूर्ण दिसते. असे जोड फोटो हाच अशा प्रदर्शनाचा कणा असावा. ते जुळवायला काय काय लागतं, ते पुढे सांगितलं आहे. नमुना म्हणून पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डोळ्यांसमोर ठेवू : भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला, दर डिसेंबरात भरणारा, अनेक दिवसांचा, भरपूर कॅमेरे असलेला. गावातल्या दोन दिवसांच्या संगीत समारोहालाही हेच सगळं लागू पडतं.

आधी घड्याळं जुळवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हे आहे. प्रत्येक कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये वेळ लिहून ठेवतो. ही माहिती एक्झिफ नावाच्या भागात असते. पण कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्याला काही सेकंद पुढे-मागे होतं, बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली तर तारीखच पुसली जाते, आणि परदेशातून आणलेला कॅमेरा खुशाल तिथल्याच वेळेवर चालू असतो. दहा कॅमेऱ्यांच्या दहा वेळा असतील, तर कोणती सम कोणाच्या फोटोत आहे हे शोधण्यात आठवडे जातात.

उपाय असा. प्रत्येक सत्राआधी सगळ्यांनी एकाच मोबाइलवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा एक फोटो काढायचा. एकाच मोबाइलचा, आपापल्या नव्हे. कोणाकडे दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी. घरी आल्यावर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच फोटोच्या एक्झिफमधली वेळ यांतला फरक काढायचा. समजा मोबाइलवर १८:०२:१० दिसतंय आणि एक्झिफ १८:००:३३ म्हणतंय, तर हा कॅमेरा १ मिनिट ३७ सेकंद मागे आहे. त्या सत्रातल्या सगळ्या फोटोंच्या वेळेत तेवढी भर घालायची. लाइटरूम, डिजीकॅम आणि एक्झिफटूल या तिन्ही सॉफ्टवेअरांत हे एका फटक्यात होतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला तर कॅमेरा ग्रिनिच वेळेवर आहे. बारा तासांचा निघाला तर सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली आहे, आणि तशीच राहू दिली तर संध्याकाळी सहाला गायलेला मारवा, म्हणजे सूर्यास्ताचा राग, प्रदर्शनात पहाटे सहाला गायलेला दिसेल. पुण्यातला रसिक ते पहिल्या मिनिटात पकडेल आणि तुमच्या बाकीच्या माहितीवरचाही विश्वास सोडेल.

वेळा जुळल्या की दोन बाजूंचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकून वेळेनुसार लावायचे. एका सेकंदाच्या आतले फोटो आपोआप शेजारी येतात. त्यांतून नेमकी तीच सम निवडताना घड्याळावर थांबू नका. गायकाचा हात कुठे आहे, तबलावादकाचा कोणता पंजा हवेत आहे, मागच्या पडद्यावरच्या प्रकाशाचा रंग कोणता आहे, हे ताडून बघायचं.

फोटो काढताना

सम कधी येणार हे ऐकून कळतं, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याचे फोटो नशिबावर चालतात. विलंबित एकताल १२ मात्रांचा. मात्रा चार सेकंदांची असेल तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. शेवटच्या एखाद-दोन मात्रांत मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवात) सुरू होतो, म्हणजे तुम्हाला चार ते आठ सेकंदं आधी सूचना मिळते. तेवढ्यात फोकस डोळ्यांवर आणून थांबायचं. सम ऐकून बटण दाबलं तर उशीर होतो, कारण ऐकून बोट हलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतं आणि तोवर नजर वळलेली असते. द्रुत तीनतालात १६ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत संपू शकतं. तिथे तिहाई धरायची. तोच तुकडा तीनदा येतो आणि तिसरा बहुतेक समेवर पडतो. दुसरा संपला की सलग फोटो सुरू करायचे.

प्रकाशाबद्दल दोन गोष्टी फार त्रास देतात. पहिली, एलईडी दिव्यांचे पट्टे. स्वस्त एलईडी दिवे मंद करायचे असले की ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि साध्या सेन्सरला एक पूर्ण चौकट वाचायला १/१५ ते १/६० सेकंद लागतो. तेवढ्यात दिवा कितीतरी वेळा विझून पेटलेला असतो, म्हणून चेहऱ्यावर आडवे गडद पट्टे येतात. नंतर ते काढणं म्हणजे शिक्षा आहे. ध्वनी-प्रकाशाची चाचणी चालू असतानाच दिवे मंद करायला सांगून चार फोटो काढून बघा. पट्टे आले तर यांत्रिक शटर लावा आणि वेग १/१२५ किंवा त्याहून कमी ठेवा. कॅमेऱ्यातली साधी फ्लिकर कमी करण्याची सोय विजेच्या १०० हर्ट्झच्या लुकलुकीसाठी असते, या दिव्यांना ती पुरत नाही. यांत्रिक शटरची अडचण अशी, की आलापीत पहिल्या रांगेतून येणारा खटखट आवाज गायकालाही ऐकू जातो आणि श्रोत्यांनाही. मग मागे जाऊन ७०-२०० सारखी लेन्स वापरायची, आणि बटण तबला सुरू झाल्यावर किंवा टाळ्यांत दाबायचं. फ्लॅशचा विषयच नको.

दुसरी, निळा आणि जांभळा प्रकाश. गडद निळ्या झोतात कॅमेऱ्याची निळी वाहिनी काठोकाठ भरते आणि बाकीच्या दोन जवळजवळ रिकाम्या राहतात. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं सांगतो, पण गालाचा एक सपाट निळा डाग झालेला असतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दिसतील अशी सोय चालू ठेवा आणि निळा उजव्या कडेला टेकला की एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) असेल तर बरंच परत मिळतं. तरी नाही मिळालं तर कृष्णधवल करा. तो पळपुटेपणा नाही, कधीकधी तोच एक चांगला मार्ग असतो.

बाकी आकडे थोडक्यात. आयएसओ १६०० ते ६४००, छिद्र एफ २.८ च्या आसपास, बसलेल्या गायकासाठी १/१२५ ते १/२००. मागे काळा पडदा आणि अंगावर पांढरा झब्बा असेल तर कॅमेरा पडद्याला उजळवायला जातो आणि झब्ब्याची इस्त्री, बटणं सगळं जळतं, म्हणून मीटरपेक्षा एक-दीड स्टॉप कमी किंवा सरळ मॅन्युअल. तबल्याच्या बाबतीत मतभेद आहेत. १/५०० ला बोटं गोठतात आणि हात नुसते ठेवल्यासारखे दिसतात. १/६० ला चेहरा स्थिर आणि बोटं धूसर येतात. आमचं मत १/६० च्या बाजूने.

माइक तोंडासमोर असतो, त्यामुळे अगदी समोरून काढलेल्या फोटोत गायकाला तोंडच नसतं. ३० ते ४५ अंश बाजूला सरका. सरकताना मागच्या तानपुऱ्यावर लक्ष ठेवा, नाहीतर गायकाच्या डोक्यातून तानपुऱ्याची दांडी उगवते.

किती मागवायचे, कसे निवडायचे

१२ छायाचित्रकार, प्रत्येकी जास्तीत जास्त १५ फोटो, म्हणजे १८०. त्यांतून ४८ मांडायचे. १५ ची मर्यादा कडक ठेवा. ती सैल केली की लोक निवडायचं काम तुमच्यावर ढकलतात. आणि एक अट घाला, की १५ पैकी तीन तरी मुख्य कलाकाराशिवायचे हवेत : तानपुरे जुळवणारे शिष्य, जवारी (तानपुऱ्याच्या तारेची झंकार) ऐकायला तानपुऱ्याला लावलेला कान, ध्वनीव्यवस्थेचं टेबल, सतरंजीवर मांडी घालून मात्रा मोजणारे आजोबा. प्रदर्शनाला श्वास घ्यायला जागा या फोटोंमुळे मिळते.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. फोटो म्हणून पाठवलेली फाइल तिथे आकसते आणि तिच्यातली वेळ, नाव वगैरे माहिती गळून पडते. म्हणजे जुळवलेली घड्याळं पाण्यात. ड्राइव्हची लिंक घ्या, लांब बाजू ३००० पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ९०. मूळ रॉ फक्त शंका आल्यावर मागा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आणि सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे संगणक आपोआप क्रमाने लावतो. देवनागरी नाव दिलेली फाइल वेबच्या पत्त्यात गेली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरी फोटोखालच्या मजकुरात ठेवा, तिथे ती हवीच.

निवड करणारे पाच जण असावेत आणि त्यांतला एक तरी गाणारा किंवा साथ करणारा असावा. छायाचित्रकाराला जो फोटो नाट्यमय वाटतो, त्यात गायक खोकत असू शकतो. ते फक्त गाणाऱ्यालाच कळतं. पहिल्या फेरीत छायाचित्रकारांची नावं झाकायची, प्रत्येकाने १ ते ५ गुण द्यायचे, स्वतःच्या फोटोला कोणी गुण द्यायचे नाहीत. मग मात्र सरासरी काढून वरचे ४८ उचलू नका. पाच जणांनी ३, ३, ३, ३, ३ दिलेल्या फोटोची सरासरी ३ येते, आणि ५, ५, ३, १, १ दिलेल्याचीही ३ च. पहिला कोणाला खुपला नाही इतकंच, दुसऱ्यावर भांडण आहे. भांडण असलेले फोटो बाजूला काढून त्यांच्यावर तोंडी चर्चा करा. प्रदर्शनातले लक्षात राहणारे फोटो बहुधा तिथून येतात.

जोड फोटो गुणांच्या पलीकडे ठेवावे लागतात. एकेकटा बघितला तर जोडातला एक फोटो मध्यमच असतो, कारण त्यातला चेहरा दुसऱ्या फोटोत आहे. म्हणून पहिल्या फेरीनंतर एकाने वेळेनुसार लावलेला पूर्ण संच पुन्हा बघायचा आणि बाद झालेल्यांतून जोड शोधायचे. ४८ पैकी आठ जोड, म्हणजे १६ फोटो, असं प्रमाण ठीक दिसतं. त्याहून जास्त झाले तर बघणाऱ्याला युक्ती कळते आणि तो कंटाळतो.

रंगकाम एकाच माणसाने करावं. १२ जणांची त्वचेच्या रंगाची १२ मतं एकाच पानावर फार खटकतात, आणि जोड फोटोंत तर एका बाजूला पिवळा गायक आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी असं होतं. रंगतापमान, उजेड, काळ्याची खोली एवढंच बदलायचं आणि मूळ छायाचित्रकाराला दाखवून होकार घ्यायचा. कातरायला हरकत नसावी, पण माइकचा स्टँड पुसायचा नाही. एआयने दाणे (कमी उजेडातल्या फोटोतला खरखरीतपणा) काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठरलेला घोटाळा होतो. आयएसओ १२८०० च्या फोटोत ते सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) गिळतं किंवा दोन तारांची एक करतं, आणि मागच्या रांगेतल्या श्रोत्यांना नवेच चेहरे देतं. प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडून तारा आणि डोळे तपासा. शंका असेल तर दाणे राहू द्या.

फोटोखालच्या ओळी

इथे कंजुषी झाली की प्रदर्शन दहा वर्षांनी निरुपयोगी होतं. किमान एवढं हवं : मुख्य कलाकार, साथीदार डावीकडून उजवीकडे वाद्यांसह, महोत्सव, गाव, तारीख, सत्र, छायाचित्रकार. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावंही. कार्यक्रमपत्रिकेत ती बहुधा नसतात आणि निवेदक घाईत वाचतो, म्हणून सत्र संपल्यावर स्टेजच्या मागे जाऊन विचारून लिहून घ्यावी लागतात. आजची तानपुऱ्यावरची मुलगी उद्याची मुख्य कलाकार असू शकते, आणि तेव्हा हा फोटो शोधणाऱ्याला नावाशिवाय तो सापडणार नाही.

राग फोटोवरून कळत नाही. स्वतः ऐकला असेल, किंवा ध्वनिमुद्रण तपासलं असेल, तरच लिहा. वाद्यांत ठरलेल्या चुका होतात : सोलापूरकडची सुंदरी शहनाई म्हणून जाते, सूरबहार सतार म्हणून. वाजवणाऱ्याला दुखावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

नावांची एक सामायिक यादी करा आणि प्रत्येक नावाचं एकच लेखन ठरवा. झाकिर आणि झाकीर, राशिद आणि रशीद असं दोन्ही ठेवलं की शोधणाऱ्याला अर्धेच फोटो मिळतात. पंडित, उस्ताद, विदुषी ही बिरुदं लावायची की नाही तेही सुरुवातीलाच ठरवा. आमचा कल ती फोटोखाली न लावण्याकडे आहे, कारण ती कोणाला द्यायची यावर समितीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात अर्धं प्रदर्शन तयार होतं. कलाकाराच्या परिचयात ती येऊ द्या.

जुने फोटो घेणार असाल तर तारखेची वेगळी पंचाईत आहे. सवाईच्या बैठका पूर्वी रात्रभर चालत आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. म्हणजे एकाच सत्रात दोन तारखा. अशा वेळी सत्र सुरू झाल्याची तारीख लिहून पुढे "रात्रीचं सत्र, पहाटे" असं जोडावं. ३५ मिमीच्या निगेटिव्ह स्कॅन करताना उलटी घातली तर सगळं आरशातल्यासारखं येतं आणि तबलावादक डावखुरा होतो. डावखुरे तबलावादक खरेच असतात, म्हणून हातांवर भरवसा ठेवू नका. मागच्या फलकावरची अक्षरं किंवा झब्ब्याच्या बटणपट्टीची बाजू बघा.

हक्क आणि परवानगी

भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार फोटो काढणारा हा त्या फोटोचा कर्ता, आणि सर्वसाधारणपणे पहिला मालकही तोच. अपवाद कलम १७ मध्ये आहे : कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर मालक काढून घेणारा. म्हणजे आयोजकांनी पैसे देऊन नेमलेल्या छायाचित्रकाराचे फोटो घ्यायचे तर परवानगी आयोजकांची लागते. छायाचित्रकाराचं नाव देणं तरीही सुटत नाही, कारण कर्तेपणाचा हक्क कलम ५७ खाली मालकी गेल्यावरही शिल्लक राहतो. कपाटात जुना प्रिंट आहे म्हणून त्याचा कॉपीराइटही आपला, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोंचं संरक्षणही कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असं आहे, त्यामुळे दिवंगत छायाचित्रकाराच्या वारसांना विचारावं लागतं.

सहभागी प्रत्येकाकडून एका पानाची लेखी परवानगी घ्या. "वापरा हो, काय त्यात" हे फोनवरचं बोलणं चालत नाही, परवाना लेखी हवा. आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. वेबसाइट तर न्यू जर्सीतही उघडते. म्हणून "जगभर" हा शब्द हवाच. बाकी अटी साध्या : मालकी छायाचित्रकाराकडेच राहील, परवानगी अनन्य नाही, वापर या प्रदर्शनापुरता आणि त्याच्या जाहिरातीपुरता, विक्रीसाठी नव्याने विचारलं जाईल, फोटो काढून टाकायला सांगितलं तर सात दिवसांत काढला जाईल.

कलाकारांचं काय? कायद्यातला सादरकर्त्याचा हक्क ध्वनिमुद्रण आणि हलत्या चित्रांच्या मुद्रणाबद्दल बोलतो, स्थिर फोटोबद्दल नाही. पण महोत्सवाच्या पासवर छापलेल्या अटी तुम्ही पास घेताना मान्य केलेल्या असतात, त्या आधी वाचा. काही ठिकाणी फोटो फक्त बातमीसाठी वापरता येतात. कलाकाराच्या चेहऱ्याची कॅलेंडरं किंवा चहा-कॉफीचे मग विकायचे असतील तर त्यांची परवानगी घ्यावीच. न विकताही, प्रदर्शन उघडण्याआधी कलाकारांना त्यांचे फोटो पाठवावेत. तोंड वेडंवाकडं झालेला एखादा फोटो नको म्हणाले तर ऐकावं. तानेच्या मध्यावर सगळ्यांचीच तोंडं वाकडी होतात.

फोटोंमागे गाणं लावायचा मोह टाळा. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, ते सादर करणाऱ्यांचे वेगळे, आणि आपोआप वाजणारा आवाज ब्राउझर बहुधा अडवतोच.

पानावर

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांसाठी एसआरजीबी आणि त्याचं प्रोफाइल फाइलमध्येच घातलेलं, गुणवत्ता ८० ते ८५. असा फोटो साधारण ४०० केबीचा होतो, म्हणजे ४८ फोटो सुमारे १९ एमबी. ते एकदम उतरवायला लावू नका. बघणारा खाली सरकेल तसे उतरू द्या आणि मोबाइलसाठी १००० पिक्सेलची वेगळी आवृत्ती ठेवा. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची पानाला आधी सांगितलेली असावी, नाहीतर वाचत असताना मजकूर खाली उड्या मारतो.

छोटी चित्रं आपोआप चौकोनी कापणाऱ्या सोयीवर विश्वास ठेवू नका. ती मधला भाग धरते, आणि मैफलीच्या फोटोत मध्यभागी बऱ्याचदा माइक असतो. जोड फोटोंची तर मोबाइलवर खास काळजी घ्यावी लागते. उभ्या पडद्यावर ते शेजारी न येता एकाखाली एक येतात, आणि मधे मजकूर आला तर जोड तुटतो. दोन्ही फोटो मिळून एकच चित्र तयार करून ठेवणं सोपं वाटतं, पण मग मोबाइलवर चेहरे वाटाण्याएवढे होतात. दोन वेगळे फोटो, मधे कमीत कमी अंतर, आणि माहितीची ओळ दोघांच्या खाली एकदाच, हे बरं.

काळ्या पार्श्वभूमीचे फोटो तपासायचे ते मोबाइलवर, दुपारी खिडकीजवळ बसून. अंधाऱ्या खोलीत भारी मॉनिटरवर सुंदर दिसणारा तानपुऱ्याचा भोपळा तिथे पूर्ण गायब होतो. प्रत्येक फोटोला मराठीत पर्यायी मजकूर द्या, म्हणजे न दिसणाऱ्या वाचकाला त्याचा मोबाइल तो वाचून दाखवेल. त्यात "सुंदर फोटो" लिहू नका. कोण, काय करतंय, कुठे बघतंय, ते लिहा.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते. माऊसचं उजवं बटण बंद करून काही साधत नाही, स्क्रीनशॉट कोणीही घेतो. चेहऱ्यावर आडवं नाव छापलं तर फोटोच मेला. आकार हेच खरं कुंपण. २०४८ पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापला तर सात इंचही होत नाही, आणि १८ इंची प्रिंटला ५४०० पिक्सेल लागतात. नाव, हक्काची ओळ आणि पूर्ण माहिती फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (फोटोच्या फाइलमध्येच मजकूर ठेवायच्या जागेत) भरा, आणि वेबसाठी फोटो लहान करताना सॉफ्टवेअर ते रकाने पुसत नाही ना हे एक फाइल उतरवून बघा. बरीच सॉफ्टवेअरं मुकाट्याने पुसतात.

प्रदर्शन उघडण्याच्या दिवशीच ते बंद कधी आणि कसं करायचं हेही लिहून ठेवा. डोमेनचं नूतनीकरण ज्याच्या कार्डावर असतं तो माणूस गाव बदलतो आणि वर्षभरात पान नाहीसं होतं. पान साध्या एचटीएमएलमध्ये असेल तर ते तसंच उचलून दुसरीकडे ठेवता येतं, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जमा करता येते. मोठ्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. फोटोंसोबत माहितीचा तक्ताही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा : फाइलचं नाव, दुरुस्त केलेली वेळ, कॅमेऱ्याचा फरक किती होता, कोण कुठे बसलंय, जोड कोणत्या फोटोशी. फरकाचा रकाना पुसू नका. उद्या त्याच सत्राचे तिसऱ्या बाजूने काढलेले फोटो घेऊन कोणी आलं, तर ते नेमके कुठे बसवायचे हे त्यावरूनच काढता येतं.